दरबाराचे देणे

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. माझा जन्म त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेच्या आवारात झाला. त्यांच्या घराण्याशी माझे काही नाते नाही. ते कोकणातल्या करजगावच्या ब्राह्मण घरातले. माझे पणजोबा गोदावरीकाठच्या एका गावच्या महारवाड्यातले. तरीही माझ्या श्रद्धेत आणि संसारात जे काही धड आहे, त्यातले बरेचसे या माणसाकडून आले आहे. कधी ते त्यांच्या पदांतून आले, कधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून, आणि पुष्कळदा अशा माणसांकडून, ज्यांना आपण टिळकांचे काही पोचवतो आहोत याची कल्पनाही नव्हती. हे देणे फेडण्याची माझी ऐपत नाही. निदान त्याची नोंद राहावी म्हणून लिहिते आहे.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला रुजले. १८४२ साली सुरू झालेले मिशनचे ‘ज्ञानोदय’ आमच्या घरी येई. वडील, म्हणजे दादा, मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते ‘ज्ञानोदय’ मोठ्याने वाचत आणि आजी ऐके. आजीला अक्षरओळख नव्हती. पण ‘उपासना संगीता’तली कितीतरी पदे तिला पाठ होती. जात्यावर बसली की एकामागून एक म्हणत राही. त्या पदांची चाल ओवीची, अभंगाची. म्हणून मला वाटे, ती ओव्यांइतकीच जुनी असणार, कुणी रचलेली नसणार. दादांनी एकदा सांगितले की यातली पुष्कळशी टिळकांची आहेत. मी ऐकले आणि विसरून गेले.

नगरला गेलो की दादा देवळे दाखवत. हे आपले, ते एस. पी. जी.चे म्हणजे इंग्लंडच्या मंडळीचे, ही मुक्तिफौज, ते पलीकडचे रोमन लोकांचे. ‘आपले’ हा शब्द त्यात एकदाच यायचा. रोमन लोक मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात, तेव्हा त्यांच्यात जायचे नाही, हे मला कोणी न शिकवता कळले होते. मुक्तिफौजेचे कोडे त्याहून मोठे. त्यांच्यात बाप्तिस्मा देत नाहीत, प्रभुभोजनही नसते. मग ते ख्रिस्ती कसे? हा प्रश्न मी आजीला विचारला, तेव्हा धाकट्या भावाला डांग्या खोकला झाला होता आणि आम्ही मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलात होतो. एक नर्स रात्रभर त्याच्या उशाशी बसली होती. आजी म्हणाली, “बाप्तिस्मा नसंल झाला. पण तिला प्रभू ठावा हाय.” त्या वेळी मला हे उत्तर पटले नाही. आजीला शास्त्र काय कळते, असे वाटले.

१९७० साली मी शाळेत होते. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते. काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून आधीच झालेली युनायटेड चर्च होती, म्हणजे आम्ही. बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्टही होते. बोलणी १९२९पासून चालू होती. दक्षिणेत हे काम आधीच, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासला झाले होते. आमच्याकडे त्याला आणखी तेवीस वर्षे लागली, आणि तरीही मेथॉडिस्टांची मोठी शाखा अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली.

आमच्या मंडळीत आनंदापेक्षा कुरबुर जास्त होती. काँग्रिगेशनल मंडळीत कारभार मंडळीचा; वर कुणी बिशप नसतो. “आता बिशपच्या पाया पडायचं का?” असे वडीलधारे विचारत. दुसरा वाद बाप्तिस्म्याचा. आम्ही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. बाप्टिस्ट आणि ब्रदरन जाणत्या वयात, कबुली दिल्यावर देणारे. नव्या घटनेने दोन्ही रीती मान्य केल्या. ज्याची जी रीत त्याने ती पाळावी, पण प्रभुभोजनाच्या मेजावर सगळ्यांनी एकत्र यावे. पाळकपदाचाही प्रश्न होता. कोणाची दीक्षा खरी, कोणाची अपुरी, हे ठरवत बसले असते तर ऐक्य झालेच नसते. म्हणून नागपूरला वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दादांनी हे मला एका वाक्यात सांगितले, “कोणी कोणाला कमी लेखायचं नाही, म्हणून सगळ्यांनीच डोकं वाकवलं.”

मग ते म्हणाले, “टिळकांनी पन्नास वर्षांपूर्वी याच्याहून जास्त मागितलं होतं.” जास्त म्हणजे काय, हे मी विचारले नाही. देवळावरची पाटी नवी रंगवली जात होती आणि माझे सगळे लक्ष रंगाऱ्याकडे होते.

पुण्याला बी. ए.साठी आले तेव्हा टिळकांची गाठ पुन्हा पडली, पण ती रागाने. दलित साहित्याचे दिवस होते. १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली होती आणि तिच्या कविता वसतिगृहात हातोहात फिरत. वर्गातल्या मुलींच्या मनातली ख्रिस्ती मुलगी फ्रॉक घालणारी, इंग्रजी बोलणारी. माझे नगरी मराठी ऐकून त्या गोंधळत. दलित मैत्रिणी म्हणत, तुम्ही बाटलात आणि सुटलात. आम्ही किती सुटलो ते आमचे आम्हाला ठाऊक होते. मराठीच्या अभ्यासक्रमात टिळक होते, ते फुलामुलांचे कवी म्हणून. ख्रिस्ती टिळकांचा तिथे पत्ता नव्हता. माझ्या मनात एकच हिशेब चाले. एक ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर ते आध्यात्मिक स्थित्यंतर. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले तर ते पोटासाठी बाटले. त्या एकाची चरित्रे निघतात, आणि माझ्या पणजोबांचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीपलीकडे कुठे नाही. मी उपासनेत टिळकांची पदे म्हणणे सोडून दिले. इतर गात तेव्हा मी ओठ मिटून उभी राही.

वसतिगृहात माझ्या खोलीत वसईची एक कॅथलिक मुलगी होती. ती मला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात घेऊन गेली. तिथे जे पाहिले ते मला नवीन होते. एकाच घरात अँग्लिकन सिस्टर्स आणि रोमन कॅथलिक सिस्टर्स राहत होत्या. अँग्लिकन सिस्टर्स इंग्लंडमधल्या वाँटेजच्या संघाच्या, म्हणजे जिथे १८८३ साली पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला त्याच वाँटेजच्या. कॅथलिक सिस्टर्स सेक्रेड हार्ट संघाच्या; सिस्टर सारा ग्रँट त्यांच्यातल्याच. सगळ्या जमिनीवर बसून प्रार्थना करत. एकीने भाजी चिरायची, दुसरीने झाडलोट करायची, आणि पाहुण्याला ‘तू कुठल्या मंडळीची’ हे विचारायचे नाही. निदान मला कोणी विचारले नाही. त्या एका घरात दोन पंथांचे नियम होते आणि ते सोपे नव्हते. कॅथलिक शिस्तीत इतर मंडळ्यांबरोबर प्रभुभोजनाचा सहभाग नाही. एका चुलीवरचे जेवणाऱ्या बायकांना त्या एका मेजाशी मात्र नियमाप्रमाणे वेगळे व्हावे लागते, हे समजले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मंडळीतली फूट ही पुस्तकातली गोष्ट नाही, ती दुखते.

तिथल्या एका मराठी सिस्टरपाशी मी टिळकांवरचा राग बोलून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की तू बसली आहेस त्या जागेच्या मुळाशी टिळक आहेत. जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्यावर टिळकांचा खोल ठसा होता. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि पुण्याचा आश्रम हा त्या संघाचाच वारसा. मग त्यांनी कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, “आधी लक्ष्मीबाईंचं वाच. मग टिळकांवर हवं तेवढं रागाव.”

‘स्मृतिचित्रे’ मराठीतले थोर आत्मचरित्र आहे हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते; वाचले नव्हते. वाचताना मला आधार वाटला तो लक्ष्मीबाईंच्या खरेपणाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे काय झाले, सोवळे सुटता सुटत नव्हते, कोणाच्या हातचे पाणी चालेल आणि कोणाचे नाही यात जीव कसा अडकला होता, हे त्या काही न लपवता सांगतात. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे उमगल्याचा प्रसंगही त्या तितक्याच साधेपणाने लिहितात. मला वाटत होते की वरच्या जातीतून येणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. इथे एक बाई हातातले एकेक सोडत होती, आणि ते सोडताना तिला रडू येत होते. पुढे याच बाई नगरच्या प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला गेल्या. त्यांच्या घरात बालकवी मुलासारखे राहून गेले. त्यांनी धर्म बदलला नाही आणि कोणी तशी अटही घातली नाही. घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, आणि पंगतीला मात्र कोणीही.

त्यानंतर मी टिळकांकडे वळले आणि दादांच्या त्या वाक्याचा अर्थ शोधू लागले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरच्यांना न सांगता. पुढची बावीस वर्षे ते नगरच्या मिशनमध्ये शिकवत, लिहीत, कीर्तने करत राहिले. तुकोबांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघड म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ उभा केला.

दादा म्हणत होते ते ‘जास्त’ हे होते. नागपूरला १९७० साली बाप्तिस्मा घेतलेले सहा परींचे लोक एक झाले. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. ज्याने येशूला आपला गुरू आणि प्रभू मानले, तो दरबारातला. टिळक स्वतः दीक्षित पाळक होते. बाप्तिस्मा त्यांना हलका वाटत नव्हता. पण देवाचे राज्य मिशनच्या वहीत मावत नाही आणि मिशनच्या पगारावर चालत नाही, हे त्यांना दिसले होते. हिंदी माणसाने ख्रिस्ताकडे यावे ते आपल्या भाषेत, आपल्या बैठकीवर बसून, आपल्या माणसांना न तोडता, ही त्यांची आस होती. हे सगळे त्यांनी उतारवयात, मोडक्या तब्येतीनिशी, हाती पैसा नसताना मांडले. दोन वर्षे होण्याआधीच ते गेले. संस्था म्हणून दरबार टिकला नाही.

माझ्यापुरता तो टिकला. तोवर माझा क्रम असा होता की आधी आपली मंडळी आणि तिच्या दारातून पुढे देवाचे राज्य. टिळकांनी तो क्रम फिरवला. आधी राज्य, मंडळी त्या राज्यातली एक वस्ती, आणि अशा वस्त्या पुष्कळ. बूथ हॉस्पिटलातल्या नर्सविषयी आजीने जे सांगितले होते, तेच टिळकांनी आयुष्य पणाला लावून सांगितले होते. आणि माझ्या पणजोबांविषयीचा हिशेबही मला नव्याने मांडता आला. त्यांच्या येण्याला कमी लेखले ते चरित्रे लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी, टिळकांनी नव्हे. त्यांनी दरबार मांडला तेव्हा त्यात पणजोबांची जागा खाली नव्हती. मी पुन्हा पदे म्हणू लागले.

शिकलेले खरे की खोटे ते लग्नाच्या वेळी ठरले. मी तालुक्याच्या एका शाळेत लागले. तिथल्याच एका शिक्षकांशी लग्न करायचे मी ठरवले. ते कॅथलिक, त्यांचे घर मांगवाड्यातून आलेले.

आमच्या भागात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न येतो, “कोणत्या मिशनचे?” बाहेरच्याला वाटेल की हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. काही गावांत महारवाड्यात एक मिशन गेले आणि मांगवाड्यात दुसरे. मग दोन देवळे झाली, दोन शाळा झाल्या, दफनाच्या दोन जागा झाल्या. त्यामुळे मिशनचे नाव कळले की वाडा कळतो, आणि वाडा कळला की पुढचे बोलायची गरज उरत नाही. मिशनरी परदेशातून आपापले पंथ घेऊन आले हे खरे. पण त्या पंथांच्या आडोशाला आम्ही आमची जात नीट जपून ठेवली, हेही तितकेच खरे. याचा दोष परदेशाला देता येत नाही.

आमच्याकडचे नातेवाईक म्हणाले, “रोमन आहेत.” त्यांच्याकडचे म्हणाले, “प्रॉटेस्टंट आहे.” मांग आणि महार हे शब्द दोन्ही घरांत कोणी उच्चारले नाहीत. चर्चा मरियेची झाली, पोपची झाली, मुले कुठल्या देवळात जातील याची झाली. दादा सगळे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “मी जन्मभर पोरांना टिळकांची पदं शिकवली. आज मी नाही म्हटलं तर उद्यापासून ती म्हणायला मला तोंड राहणार नाही.” एवढे बोलून ते उठले. त्यानंतर घरात विरोध झाला नाही असे नाही. पण दादांसमोर कोणी बोलले नाही.

लग्नासाठी कॅथलिक बिशपांची परवानगी लागली. फादरनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. मला धास्ती होती की आता पुन्हा बाप्तिस्मा घे म्हणतील. त्यांनी दाखला पाहिला आणि आपल्या वहीत नोंद केली. पाणी आणि त्र्येक देवाचे नाव असेल तर दुसऱ्या मंडळीचा बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी खरा मानते. तो पुन्हा देत नाही. पंथांच्या सगळ्या भांडणांखाली ही एक गोष्ट शाबूत राहिली आहे, आणि बऱ्याच ख्रिस्ती माणसांना ती ठाऊक नसते. लग्न त्यांच्या देवळात झाले. आशीर्वादाची प्रार्थना आमच्या पाळकांनी केली आणि आजीने, कोणी न सांगता, टिळकांचे एक पद धरले.

ऐक्याची गोष्ट लग्नात संपत नाही. खरी तर तिथून सुरू होते. मी रविवारी यजमानांबरोबर मिस्साला जाई. कम्युनियनच्या वेळी सगळे पुढे जात आणि मी बाकावर बसून राही. सुरुवातीला मला ते अपमानासारखे वाटे. सासूबाईंना त्यातले शास्त्र कळत नव्हते, पण सून एकटी बसते हे दिसत होते. एका रविवारी त्याही माझ्याजवळ बसून राहिल्या. मी म्हटले, “आई, तुम्ही जा ना.” त्या म्हणाल्या, “आजच्याला ऱ्हाऊ दे.” नियम त्यांनी बदलला नाही, मोडलाही नाही, माझ्या बाजूला येऊन बसल्या. मंडळ्यांचे ऐक्य म्हणजे काय, यावर मी पुढे बरेच वाचले. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या विषयावर काढलेला आदेशही वाचला. त्यात इतर मंडळ्यांतल्या ख्रिस्ती लोकांना बंधू म्हटले आहे. मला तो समजला तो सासूबाईंमुळे.

त्यांनी माझ्याकडून आजीचे एक पद शिकून घेतले. स्वयंपाक करताना म्हणत. एकदा विचारले, “हे कुणाचं गाणं?” मी टिळकांचे नाव सांगितले. “म्हंजी बामण?” “हो.” “मंग आपल्यात कसं?” मी त्यांना आगगाडीपासून दरबारापर्यंत सगळी हकिगत सांगितली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात जागा होती, हे ऐकून त्यांना काहीच नवल वाटले नाही. म्हणाल्या, “हरेगावला तसंच असतं की.”

हरेगावची मतमाउलीची यात्रा मी तोवर पाहिली नव्हती. माझ्या माहेरच्या वळणात ती बसणारी नव्हती. श्रीरामपूर तालुक्यातले हे साखर कारखान्याचे गाव. सप्टेंबरात मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास तिथे लाखोंनी माणसे येतात. सासूबाईंबरोबर गेले. कॅथलिक होते, आमच्या मंडळीचे ओळखीचे चेहरे होते, आणि ज्यांचा बाप्तिस्म्याशी कधी संबंध आला नाही असे हिंदू शेतकरी, मजूर, बायाबापड्या हारनारळ घेऊन उभ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, “हितं कुणी मिशन इचारत न्हाई.” मी आजही जपमाळ म्हणत नाही, मरियेला नवस करत नाही; माझी श्रद्धा तशी घडलेली नाही. पण त्या गर्दीत मला परके वाटले नाही. टिळकांच्या दरबाराविषयी मी वाचले होते ते नियम आणि हेतू. दरबार भरल्यावर कसा दिसत असेल, ते हरेगावला पाहिले.

पुढच्या काळात ही शिकवण अनेक ठिकाणी कामी आली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. या प्रश्नावर कॅथलिक बिशप आणि प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र बोलतात, नोव्हेंबरातला एक रविवार दोघेही दलित ख्रिस्ती मुक्तीसाठी पाळतात. सरकारदरबारी आम्हाला कोणी ‘कोणत्या मिशनचे’ विचारत नाही. तिथे आम्ही सगळे एकच. जानेवारीत १८ ते २५ या आठवड्यात जगभर ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होते. आमच्या गावात त्या आठवड्यात फादर आमच्या देवळात येतात, पाळक त्यांच्या देवळात जातात, आणि मुक्तिफौजेचा बँड दोन्हीकडे वाजतो. माणसे थोडी असतात, सतरंजी अर्धी रिकामी राहते, तरी आठवडा चुकत नाही. २०२०च्या साथीत नगरच्या बूथ हॉस्पिटलने सगळ्या जातिधर्मांचे रुग्ण सांभाळले, तेव्हा मला आजीचे वाक्य आठवले आणि ते मी माझ्या नातवंडांना सांगितले.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. १९७० साली जी मंडळी एक झाली, तिच्यातच आज मालमत्तेवरून आणि पदांवरून कोर्टकज्जे आहेत. तरुण मुले कंटाळून नव्या फेलोशिपमध्ये जातात. तिथे ‘आम्ही पंथ मानत नाही’ म्हणतात आणि वर्षभरात जुन्या देवळातल्या आईबापांना अर्धवट ख्रिस्ती समजू लागतात. घटना लिहून ऐक्य होत नाही आणि घटना नाकारूनही होत नाही, एवढे मी पाहिले. योहानाच्या शुभवर्तमानात, पकडून नेण्याआधीच्या रात्री, येशूने आपल्या शिष्यांसाठी मागितले ते त्यांनी एक असावे म्हणून. ते मागणे अजून पुरे व्हायचे आहे. पण दर रविवारी प्रत्येक देवळात, मग ते कोणाचेही असो, देवाचे राज्य यावे अशी प्रार्थना होते. राज्य एकच मागायचे आणि त्यात बसायला जागा मात्र वेगवेगळ्या ठेवायच्या, हे टिळकांना मान्य नव्हते. मलाही नाही.

टिळकांचा दरबार दोन वर्षेही चालला नाही. तरी त्याच्यामुळे माझ्या घरात दोन मंडळ्या आणि दोन वाडे एका पंगतीला बसतात. हे श्रेय माझे नाही. ते अक्षरओळख नसलेल्या आजीचे, मान तुकवून ऐकणाऱ्या आणि वेळेला बोलणाऱ्या दादांचे, एक पुस्तक हातात देणाऱ्या सिस्टरचे, माझ्याशेजारी बाकावर बसून राहिलेल्या सासूबाईंचे, आणि या सगळ्यांच्या आधी साताऱ्याला बिनपगारी जाऊन बसलेल्या त्या कवीचे.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना एक विनंती आहे. टिळकांची पदे आपण सगळे म्हणतो. नाताळात म्हणतो, मयताला म्हणतो. यापुढे घरात मुलामुलींच्या लग्नाची बोलणी निघाली की ‘कोणत्या मिशनचे?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका. बाकीचे ऐक्य बिशप, पाळक आणि फादर पाहतील. एवढे मात्र आपल्यालाच करावे लागेल.